पिकअपचे इंजेक्टर : आधी मोजमाप, मग खर्च

भल्या पहाटे आपल्या कोणत्याही वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले तर दोन-चार पिकअप गाड्या बाहेर पडताना हमखास दिसतात. कोणी भाजीपाला घेऊन मार्केटला निघालेला असतो, कोणी मांडवाचे सामान, कोणी विटा-सिमेंट, तर कोणी दुधाचे कॅन. ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या ट्रकात हमाली केली, त्यांची मुले आज स्वतःच्या चाकाची मालक झाली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ही मालकी बहुतेक ठिकाणी हप्त्याची आहे, हेही विसरून चालत नाही. गाडी फिरली तर हप्ता फिटतो, गाडी उभी राहिली तर घर उभे राहते. म्हणूनच पिकअप म्हणजे घरातले आणखी एक कमावते माणूस असे आम्ही मानतो. त्या माणसाचे दुखणे काय आहे आणि त्यावरचा इलाज खरा की खोटा, हे घरातल्या सर्वांना थोडेफार तरी कळले पाहिजे.

या दुखण्यांपैकी हल्ली वारंवार ऐकू येणारे एक दुखणे म्हणजे इंजेक्टर. "चारही इंजेक्टर गेले, बदलावे लागतील," हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकले की मालकाच्या पोटात गोळा येतो. नव्या पद्धतीच्या इंजिनाचा एकेक इंजेक्टर हजारो रुपयांचा असतो. चार इंजेक्टर, मजुरी आणि तेवढे दिवस बुडालेले भाडे असा सगळा हिशेब केला तर महिन्याचा हप्ता बाजूला राहतो आणि नवे कर्ज अंगावर येते. बरे, एवढे करूनही गाडी पुन्हा तशीच धूर मारू लागली तर? तर दोष इंजेक्टरचा नव्हताच, किंवा बसवताना चूक झाली, असे मागाहून कळते. म्हणून या लेखात इंजेक्टर म्हणजे काय, तो खराब झाला हे कसे ओळखावे, तो बदलण्याची योग्य रीत कोणती आणि मालकाने कोठे लक्ष ठेवावे, हे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

इंजेक्टर म्हणजे काय?

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबतो की ती हवाच तापून लालबुंद व्हावी तशी होते. नेमक्या त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की ते आपोआप पेट घेते. जर्मनीचे रुडॉल्फ डिझेल यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १८९२ साली अर्ज केला आणि १८९७ साली त्यांचे इंजिन यशस्वीपणे चालून दाखवले. त्या पहिल्या इंजिनात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे आणि त्याकरिता वेगळा कॉम्प्रेसर लागे. एवढा बोजा रस्त्यावरच्या गाडीला कसा परवडणार? रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ साली डिझेलच्या इंजेक्शन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि मग डिझेल इंजिन ट्रकात बसले.

आपल्या महाराष्ट्राशीही या लहानशा भागाचे जुने नाते आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या 'मायको' कंपनीचा कारखाना नाशिकला सातपूर भागात उभा राहिला. डिझेलची नोझल आणि इंजेक्टर तेथे तयार होऊ लागले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड असे झाले. पण नाशिककरांच्या तोंडी 'मायको सर्कल' अजून तसेच आहे. देशभरातल्या कितीतरी डिझेल गाड्यांच्या पोटात नाशिकच्या कामगारांच्या हातचे काम आहे, हे सांगताना अभिमान वाटतो.

इंजेक्टरच्या टोकाला नोझल असते. झारीच्या तोंडाला भोके असतात तशी तिला बारीक भोके असतात. फरक इतकाच की ही भोके मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढीच असतात. आतली सुई ज्या नळीत सरकते तेथील फट दोन-चार मायक्रॉनची असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा भरेल एवढीच ती फट. आता कामाचा हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर एकेक इंजेक्टर मिनिटाला एक हजार वेळा, म्हणजे तासाला साठ हजार वेळा फवारा मारतो. इतक्या नाजूक फटीत धुळीचा एखादा कण किंवा पाण्याचा थेंब गेला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

जुनी गाडी आणि नवी गाडी

येथे एक मोठा भेद लक्षात घेतला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पंप प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने डिझेल ढकलतो. ठरावीक दाब आला की स्प्रिंग दबून नोझल उघडते. हा दाब साधारण शंभर ते अडीचशे बारच्या घरातला. अशा इंजेक्टरची नोझल बदलून, पत्री घालून दाब जुळवून देणारे 'पंप-नोझल'वाले प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात आणि काम थोडक्यात भागते.

नव्या गाड्यांत 'कॉमन रेल' पद्धत असते. पंप सगळे डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवतो. तेथून ते चारही इंजेक्टरांना जाते. इंजेक्टर केव्हा आणि किती वेळ उघडायचा हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि विजेने उघडतो. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बी. एस. चार आणि १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहा हे धुराचे नियम लागू झाल्यानंतर रस्त्यावर येणाऱ्या पिकअप प्रामुख्याने याच पद्धतीच्या आहेत. बोलेरो पिकअपसारख्या चार सिलिंडरच्या गाडीचे नवे इंजिनही असेच. या रेलमधला दाब सोळाशे बार किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकतो. पिकअपच्या टायरात हवा असते चार-पाच बार. यावरून अंदाज करा.

हा भेद आम्ही एवढा ठासून का सांगतो? कारण जुन्या गाडीवर तयार झालेल्या हातांना एक सवय आहे. गाडी मिसिंग मारत असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरची पाइपाची नट ढिली करायची. जी नट ढिली केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर बाद. जुन्या गाडीत ही युक्ती चालून जात असे. कॉमन रेल गाडीत मात्र ही युक्ती जीवघेणी आहे. ढिल्या नटेतून निघणारी डिझेलची धार सुईसारखी कातडीत शिरते.

ही जखम दिसायला अगदी मामुली असते. टाचणी टोचल्यासारखा एक ठिपका, रक्तही नाही, पहिल्या तासाला फारशी वेदनाही नाही. पोरगा हात पुसून पुन्हा कामाला लागतो. पण आत शिरलेले डिझेल बोटाच्या आतल्या भागात पसरत जाते, सूज चढते, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही, कापण्याची वेळ येते. अशा वेळी हळद लावून किंवा पट्टी बांधून घरी बसू नये. तासाभरात मोठ्या रुग्णालयात जावे आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की, उच्च दाबाने डिझेल आत शिरले आहे. नुसते "टोचले" म्हटले तर ते साधी जखम समजण्याचा संभव असतो. ही शस्त्रक्रियेची तातडीची बाब आहे, काही तासांवर सारा निकाल असतो. गळती कोठे आहे हे बोट फिरवून कधीही पाहू नये. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर ओल उमटते. गॅरेजात काम शिकणारी मुले आपल्याच घरांतली असतात. त्यांच्या आयांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा आणि मुलांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

दुखणे ओळखावे कसे?

इंजेक्टर बिघडल्याच्या खुणा चालकाच्या रोजच्या अनुभवातल्याच आहेत. सकाळी थंड गाडीला खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. न्यूट्रलला उभी असताना गाडी थरथरते. इंजिनातून टकटक असा कडक आवाज येतो. चढावर लोड ओढताना काळा धूर निघतो, तर कधी सुरू होताना पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो. ॲव्हरेज घटतो. आणखी एक खूण मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसणे. ऑइल कमी होणे समजू शकते, पण न टाकता वाढले कसे? टपकणाऱ्या नोझलमधले न जळलेले डिझेल लायनरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते. दुसरीकडे पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी जळणारे डिझेल त्याला भोक पाडू शकते. म्हणजे इंजेक्टरकडे केलेले दुर्लक्ष सबंध इंजिनावर येते.

परंतु याच खुणा दुसऱ्या कारणांनीही दिसतात, हे तितकेच खरे. डिझेल फिल्टर चोंदला असेल, टाकीपासून येणाऱ्या पाइपात हवा शिरत असेल, हवेचा फिल्टर मातीने भरला असेल, ग्लो प्लग गेले असतील, टर्बोचा होज फाटला असेल, किंवा एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनच कमी झाले असेल, तरी गाडी धूर मारते आणि ओढत नाही. कॉम्प्रेशन गेलेल्या सिलिंडरवर नवा इंजेक्टर बसवणे म्हणजे दात दुखत असताना चश्मा बदलण्यासारखे आहे. म्हणूनच आमचे एकच सांगणे आहे: आधी मोजा, मग बदला.

मोजायचे कसे? तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे स्कॅनर. तो लावला की प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्युटर किती कमी-जास्त डिझेल देऊन इंजिन सावरतो आहे, ते अनेक गाड्यांत दिसते. एखादा आकडा इतरांपेक्षा फार वेगळा असेल तर संशय त्या सिलिंडरवर. दुसरी म्हणजे रिटर्नची बाटली. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधून थोडे डिझेल परतीच्या पाइपाने टाकीकडे जाते. हे परतीचे पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायचे, इंजिन ठरावीक वेळ चालवायचे आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. एका बाटलीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमले, तर तो इंजेक्टर आतून झिजला. नेमकी मर्यादा त्या-त्या कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते. परतीच्या या पाइपात दाब कमी असतो म्हणून ही परीक्षा होऊ शकते. उच्च दाबाच्या पोलादी पाइपाला मात्र हात लावायचा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर लावणे. पूर्ण लोड, मधला लोड, आयडल अशा वेगवेगळ्या दाबांवर तो किती डिझेल सोडतो आणि किती परत करतो, याचा छापील कागदच यंत्रातून निघतो. तो कागद मागून घेणे हा मालकाचा हक्क आहे. चारांपैकी दोनच नापास झाले असतील तर चारांचे पैसे का द्यावेत?

बदलण्याची योग्य रीत

हे काम घरच्या अंगणात पाना-पक्कड घेऊन करण्यासारखे नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. तरीपण काम कसे होते हे मालकाला ठाऊक असले, तर शेजारी उभे राहून पाहताना बरोबर-चूक कळते. गाडीगणिक तपशील बदलतो, परंतु मुख्य गोष्टी सर्वत्र सारख्याच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे स्वच्छता. बोनेट उघडल्याबरोबर पाना लावायचा नाही. इंजेक्टरच्या आजूबाजूची माती, तेलकट मळी ब्रशने आणि हवेने आधी साफ करायची. इंजिन बंद करून कंपनीने सांगितला असेल तेवढा वेळ थांबायचे, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कनेक्टर ओढू नये. त्याला बॅटरीच्या बारा व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज मिळत असते, त्याने शॉक बसतो आणि कॉम्प्युटरही जाऊ शकतो. पाइप मोकळा होताच त्याच्या दोन्ही तोंडांना आणि रेलच्या तोंडालाही स्वच्छ टोप्या बसवायच्या. चिंध्यांचे किंवा वेस्टचे धागे आत गेले तर नव्या इंजेक्टरची लगेच माती होते. त्यामुळे धागे न सुटणारे कापड वापरावे.

दुसरी गोष्ट म्हणजे धीर. वर्षानुवर्षे बसलेला इंजेक्टर हेडमध्ये काजळीने चिकटून गेलेला असतो. खालचा तांब्याचा वायसर गळत असेल तर जळलेला वायू वर येतो आणि भोवती डांबरासारखा काळा, कडक थर जमतो. अशा वेळी हातोड्याने आडवे ठोके मारले तर इंजेक्टर मोडतो किंवा हेडला तडा जातो आणि हजारांचे काम लाखावर जाते. बाजूने गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे आणि इंजेक्टर सरळ वर ओढणारा पुलर लावावा. घाई करणाऱ्या मालकाने येथे स्वतःला आवर घातला पाहिजे. "संध्याकाळचे भाडे आहे, आत्ताच काढ" असे म्हणणारा मालक मिस्त्रीच्या हातात हातोडा देत असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तांब्याचा वायसर. ही दहा-वीस रुपयांची चकती वाटते, पण निम्मे वांधे तिच्यामुळे होतात. इंजेक्टर वर आला तरी जुना वायसर बऱ्याचदा खाली भोकातच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा टाकला तर दोन वायसर होतात, नोझलचे टोक वर राहते, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही आणि गाडी नव्या इंजेक्टरवरही धूर मारते. चार इंजेक्टर निघाले तर चार जुने वायसर मोजून ताटात ठेवलेले दिसले पाहिजेत. नवा वायसरही त्याच जाडीचा हवा. वेगवेगळ्या जाडीचे वायसर बाजारात असतात, "बसतो ना" म्हणून कोणताही चालत नाही. जुना भाजून पुन्हा वापरणे हीही खोटी काटकसर. वायसर जेथे बसतो ती जागा योग्य हत्याराने साफ करायची आणि साफ करताना काजळी सिलिंडरमध्ये पडू नये याची काळजी घ्यायची.

चौथी गोष्ट म्हणजे पाना. इंजेक्टर दाबून धरणारा क्लॅम्पचा बोल्ट आणि पाइपाच्या नटा अंदाजाने आवळायच्या नसतात. त्यांचा आवळ कंपनीने आकड्यात ठरवून दिलेला असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. कमी आवळला तर वायू गळतो, जास्त आवळला तर इंजेक्टरचे अंगच पिळवटते आणि आतली सुई अडकते. काही गाड्यांत हा बोल्ट एकदाच वापरण्याचा असतो. आधी इंजेक्टर जागेवर ठेवून पाइप दोन्ही बाजूंनी हाताने लावावा, तो सरळ बसतो याची खात्री करावी, मग क्लॅम्प आणि शेवटी पाइप आवळावा. पाइप वाकवून, ओढूनताणून बसवू नये. कंपनीने पाइपही नवा घ्यायला सांगितला असेल तर तेथे पैसे वाचवू नयेत.

पाचवी गोष्ट म्हणजे इंजेक्टरचा कोड. कॉमन रेलच्या अनेक इंजेक्टरांवर अक्षरे आणि आकडे मिळून एक कोड कोरलेला असतो. कारखान्यात तपासताना त्या इंजेक्टरची जी बारीक खोड दिसली, ती या कोडमध्ये नोंदलेली असते. नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड, तो ज्या सिलिंडरला बसवला त्याच सिलिंडरसमोर, स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो. तो न भरल्यास कॉम्प्युटर जुन्याच हिशेबाने डिझेल देत राहतो. गाडी चालते, पण थरथरते, आवाज करते, तेल जास्त खाते. बसवल्यावर कोड वाचणे कधी कधी अवघड जाते, म्हणून आधीच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा.

यानंतर नवा डिझेल फिल्टर घालून हातपंपाने किंवा चावी 'ऑन' करून एअर काढायची. सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. गाडी सुरू होण्यासाठी तोंडात ईथरचा फवारा मारणे किंवा ओढून सुरू करणे टाळावे. सुरू झाल्यावर गळती पाहावी, स्कॅनरने चारही सिलिंडरचे आकडे जुळले का ते पाहावे, आणि लोड घेऊन एक फेरी मारल्यावर पुन्हा तपासावे. ऑइलमध्ये डिझेल उतरले असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलावेत.

मालकाने विचारावयाचे सात प्रश्न

गॅरेजात गेल्यावर गोंधळून जाऊ नये म्हणून आम्ही हे प्रश्न एकत्र देत आहोत. कात्रण कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे.

१. इंजेक्टरच खराब आहे हे कशावरून ठरवले? स्कॅनर आणि रिटर्नची बाटली लावली का?

२. टेस्ट बेंचचा छापील कागद मिळेल का?

३. चारांपैकी कोणते नापास झाले?

४. नवा बसवणार की दुरुस्त केलेला? दुरुस्त केलेला असेल तर आत काय बदलले आणि हमी किती दिवसांची?

५. तांब्याचे वायसर, सील आणि लागत असल्यास बोल्ट नवे आहेत का?

६. कोड भरला का? भरलेला दाखवाल का?

७. काढलेले जुने इंजेक्टर परत मिळतील का आणि पक्के बिल मिळेल का?

जुने इंजेक्टर परत मागण्यास कोणी संकोच करू नये. तुमच्याच पैशाची ती वस्तू आहे. दुरुस्त इंजेक्टर घेताना जुना जमा करून किंमत कमी होत असेल, तर तसे बिलावर लिहून घ्यावे. नकली माल बाजारात आहे. डबा हुबेहूब असतो, आतला जीव वेगळा असतो. यासाठी अधिकृत विक्रेता आणि बिल हीच ढाल. जो मिस्त्री या प्रश्नांची उत्तरे शांतपणे देतो, तोच खरा कारागीर. त्याच्या मजुरीत मात्र घासाघीस करू नये. चांगल्या हाताला चांगला दाम मिळालाच पाहिजे, हे कष्टकऱ्यांनी नाही म्हणायचे तर कोणी म्हणायचे?

दुखणे येऊच नये म्हणून

इंजेक्टर मरतो तो बहुधा म्हातारपणाने नव्हे, तर घाणीने आणि पाण्याने. इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांना वेगळे वंगण नसते, डिझेल हेच त्यांचे वंगण. त्यात रॉकेल मिसळले तर वंगण जाते आणि भाग झिजतात. स्वस्त मिळते म्हणून कोठलेही उघड्यावरचे डिझेल भरणे, मळक्या कॅनमधून ओतणे, फिल्टर "अजून चालेल" म्हणून पुढे ढकलणे, डॅशबोर्डवरचा पाण्याचा दिवा लागूनही फिल्टरच्या तळाचे पाणी न सोडणे, या सवयी म्हणजे आपल्याच हाताने इंजेक्टरवर घाव घालणे होय. टाकी अगदी तळाला जाईपर्यंत गाडी चालवू नये. हवा शिरण्याचा धोका असतो. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात असते, तेवढे पाळावे. एका फिल्टरची किंमत आणि एका इंजेक्टरची किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा, अधिक सांगण्याची गरज नाही.

येथे घरातल्या भगिनींना एक काम सुचवावेसे वाटते. घरातला हिशेब बहुधा त्याच ठेवतात. एका वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि भरलेले डिझेल लिहीत जावे. टाकी फुल्ल करून पुन्हा फुल्ल करेपर्यंतचा हिशेब केला की लिटरला किती किलोमीटर पडले हे कळते. समजा गाडी रोज शंभर किलोमीटर फिरते आणि ॲव्हरेज बारावरून दहावर आला, तर रोज सुमारे पावणेदोन लिटर डिझेल फुकट जळते. पंचवीस दिवसांत ते बेचाळीस लिटरच्या आसपास होते. चालकाला रोजच्या धावपळीत जे जाणवत नाही ते वही आधी सांगते. अशी वही ज्या घरात आहे, तेथे दुखणे वेळीच पकडले जाते आणि एका इंजेक्टरवर निभावते. पिस्टनपर्यंत जात नाही.

तरुणांना दोन शब्द

कॉमन रेल आल्यापासून अनेक जुने उस्ताद नाउमेद झाले आहेत. कानाने इंजिन ऐकून दोष सांगणारे हे हात मोलाचे आहेत, पण आता कानाच्या जोडीला स्कॅनरही वाचता आला पाहिजे. जो तरुण दोन्ही शिकेल त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय. मध्ये, दहावी पास मुलामुलींसाठी 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा, तर 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा मोठ्या वर्कशॉपात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. गॅरेजात आधीच काम करणाऱ्या मुलांनी प्रमाणपत्राचा कंटाळा करू नये, आणि प्रमाणपत्र हाती आलेल्यांनी हात काळे करण्याची लाज बाळगू नये.

पत्र्याच्या गॅरेजातही इंजेक्टरचे काम करायचे तर एक कोपरा झाडून-पुसून ठेवता येतो. एक स्वच्छ टेबल, झाकणाचा ट्रे, टोप्यांची पिशवी, टॉर्क पाना आणि डोळ्यांना चश्मा एवढ्याने सुरुवात होते. उस्तादांनी आपल्या हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी पाना नव्हे, तर दाब म्हणजे काय हे शिकवावे.

वाचकहो, हप्त्याच्या गाडीचा मालक होणे ही पहिली पायरी झाली. तिचे यंत्र समजून घेणे ही दुसरी. मालकाने मोजमाप मागितले, मिस्त्रीने ते दाखवले आणि घरच्या वहीने दोघांना वेळेवर सावध केले, तर पिकअप हप्ते फिटल्यावरही कैक वर्षे घरात कमाई आणत राहील. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी येत्या रविवारी एवढेच करावे : डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी, फिल्टरमधले पाणी सोडावे आणि वहीचे पहिले पान लिहावे.